हिल्माबाईंचा तिरका गळा

हिल्मा नॉरबेर्ग यांच्या हाताखाली मी एकवीस वर्षं काम केलं. मेरिडियन स्टुडिओच्या शिवणखात्यात आम्ही चाळीसेक बायका होतो आणि सगळ्या त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. पडद्यावर सुरुवातीला नावं यायची, त्यात 'वेशभूषा' या शब्दासमोर बाईंचं नाव असायचं. पण तोवर लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असायचे. ते नाव वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

बाई मिनेसोटातल्या. घरी गाई, दुधाचा धंदा, सहा भावंडं. आई पिठाच्या रिकाम्या पोत्यांतून पोरांचे कपडे शिवायची आणि पोत्यावरचं गिरणीचं नाव बरोबर आतल्या बाजूला जाईल असं बेतायची. "शिकले ती तिथंच," बाई म्हणायच्या. "काय दाखवायचं नाही ते आधी ठरव. मग कात्री उचल."

तेविसाव्या वर्षी, १९२८ साली, त्या एकट्या आगगाडीनं लॉस एंजेलिसला आल्या. पहिली तीन वर्षं पोशाख भाड्यानं देणाऱ्या दुकानात रोमन शिपायांच्या अंगरख्यांना कसरीनं पाडलेली भोकं रफू केली. मग दुसऱ्या एका डिझायनरसाठी चित्रं काढली. खाली सही त्याची. छत्तीस साली मेरिडियनमध्ये स्वतःचं टेबल मिळालं. लग्न केलं नाही. एक दातांचा डॉक्टर चार वर्षं घरी येत होता. शेवटी तो म्हणाला, "हिल्मा, तू माझ्याकडं बघतच नाहीस, माझ्या कोटाची शिवण बघतेस." हे आम्हाला सांगून बाई म्हणाल्या, "वाकडी होती ती. काय करू?"

मी डेल्फिना रोब्लेदो. राहायला बॉइल हाइट्सला, शहरातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या वस्तीत. अडतीस साली लागले तेव्हा मला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण हात चांगला होता. बाईंनी मला माप घेणाऱ्या बायकांत घातलं. नटीच्या अंगावर कपडा चढवायचा, टाचण्या लावायच्या, कुठं ओढतोय कुठं झोळ पडतोय ते बघायचं. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळं बोलायचा प्रश्न नव्हता. बाईंना ते आवडायचं.

बाईंनी शंभरावर चित्रपटांचे कपडे केले असतील, पण त्यांचं नाव जोडलं गेलं ते मॅरियन टॉलिव्हरशी. मॅरियन त्या काळी केवढी मोठी नटी होती ते आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. उंच, डावा खांदा किंचित खाली, चालताना उजवं पाऊल जरा बाहेर. या खोडी बाईंनी पहिल्याच दिवशी हेरल्या आणि चौदा वर्षं झाकल्या. दोघींची गट्टी होती. मॅरियन माप द्यायला आली की सँडविचवर ताव मारायची आणि बाई ओरडायच्या, "मॅरियन, तो घास गिळू नकोस. मला अजून कमरेची टाचणी लावायचीय."

"मग सैल कर ना जरा."

"सैल करून प्रेक्षकांना काय सांगू? बाईसाहेबांना टर्की आवडते म्हणून?"

पन्नास सालच्या वसंतात मॅरियन दीड महिना दिसली नाही. अॅरिझोनात कुणाच्या रँचवर विश्रांतीला गेलीय असं सांगितलं होतं. परत आली आणि थेट बाईंच्या मापाच्या खोलीत शिरली. मी बाहेर जायला निघाले तर बाई म्हणाल्या, "फिना थांबेल. माप तीच घेते." मॅरियननं दाराला कडी घातली. ब्लाउजची बटणं उजव्या हातानं सोडवली, कारण डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डाव्या बाजूला छाती नव्हती. नुसती नाही असं नव्हे, बगलेपर्यंतचं मांसच खरवडून काढलेलं होतं, कातडी फासळ्यांवर ताणून शिवल्यासारखी. लांब तिरका व्रण, अजून लाल.

बाई जवळ गेल्या, चष्मा पुसला, व्रणाच्या कडेनं बोट न लावता बघत गेल्या. मग म्हणाल्या, "टाके कुणी घातले?"

"डॉक्टरनं. का?"

"माझ्या खात्यात असता तर काढून टाकला असता."

मॅरियन हसली आणि हसता हसता खाली बसून रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. पाच जणांना ठाऊक होतं ते. डॉक्टर, मॅरियन, तिची बहीण एडना, बाई आणि मी. स्टुडिओला कळलं असतं तर संपलंच होतं. चित्रपट सुरू करण्याआधी नटीचा विमा उतरवतात, आणि असल्या दुखण्याच्या बाईचा विमा कोण उतरवणार? त्या वर्षी विम्याच्या डॉक्टरनं नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि ब्लाउजच्या बटणाला हात न लावता सही केली. बाकीचं बाईंवर आलं.

आधी आम्ही कापूस भरून बघितला. दिसायला ठीक, पण मॅरियन वळली की तो वर सरकायचा. त्याला वजनच नव्हतं. शेवटी मी माझ्या घरच्या पिवळ्या पाखराचे दाणे आणले, बारीक राळ्यासारखे असतात ते, आणि मऊ कापडाच्या पिशवीत भरले. ते बरोबर बसलं. चाललं की हलायचं, थांबलं की थांबायचं.

"सेटवर चिमण्या मागं लागल्या तर?" मॅरियन म्हणाली.

"तर वेगळा पगार माग," बाई म्हणाल्या.

पण गळा उघडा ठेवता येत नव्हता आणि मॅरियनची ख्याती तर उघड्या खांद्यांची. एकदम गळाबंद कपडे घातले असते तर पहिला प्रश्न तोच आला असता. बाईंनी नऊ दिवस चित्रं काढली आणि फाडली. दहाव्या दिवशी त्यांनी उजवा खांदा पूर्ण उघडा ठेवला आणि कापड डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकं आणून कमरेपाशी पदरासारखं सोडलं. डाव्या बगलेत जास्तीचं कापड आतून घातलं, म्हणजे हात जेवढा वर जाईल तेवढ्यात तो मुद्दामच तसा धरलाय असं वाटावं. बघणाऱ्याची नजर उजव्या खांद्यावर जायची आणि तिथंच राहायची.

एक्कावन्न साली चित्रपट आला. महिन्याभरात मोठमोठ्या दुकानांच्या काचेत तो गळा लागला. 'टॉलिव्हर ड्रेप' म्हणायचे. आमच्या भागात मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा थाटात करतात, त्याला पोरी तसा झगा मागायला लागल्या. शेजारणीच्या पोरीचा मीच शिवला. देशातल्या निम्म्या बायका डावी बाजू झाकून हिंडत होत्या आणि ती का झाकायची ते एकीलाही ठाऊक नव्हतं. बाईंना त्या वर्षी मोठ्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालं. वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? बाई म्हणाल्या, "खिडकीचा पडदा एका बाजूनं निसटला होता."

आता माझं सांगते.

माझी नणंद ओतिलिया आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस सेट करून द्यायचं छोटं पार्लर चालवायची. जीभ भारी तिखट. मला बघितलं की म्हणायची, "या वहिनी, काय म्हणतात तुमच्या राण्या? कुणाची कंबर वाढली?" मी कधी स्टुडिओतलं काही बोलत नसे. बावन्नच्या फेब्रुवारीत एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिनं मला पार्लरच्या मागच्या खोलीत नेलं, माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती.

"कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून."

"डॉक्टरकडं गेलीस?"

"कशाला? कापायला? तशीच मरेन मी, वहिनी. अर्धी बाई होऊन आरशासमोर उभी राहू? माझा धंदाच आरशाचा आहे."

मी दोन तास समजावलं. देवाची शपथ घातली, पोरांची घातली. ती ऐकेना. भिंतीकडं तोंड करून बसली. तेव्हा मी म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यात मॅरियन टॉलिव्हर बघितलीस ना? तिरक्या गळ्याच्या झग्यात?"

"मग?"

"तिची काढलीय. पूर्ण. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. तुला काही दिसलं का?"

ओतिलियानं भिंतीकडून तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "तिची?"

गुरुवारी ती काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलात गेली. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने थांबली असती तर आमच्या हातात काही उरलं नसतं.

कुणाला सांगू नकोस असं मी तिला बजावलं होतं, आणि तिनंही मुद्दाम सांगितलं नाही. पण पार्लरमध्ये येणारी एक बाई तिच्यासारखीच रडायला लागली तेव्हा ओतिलियानं तिला धीर द्यायला तेच सांगितलं जे मी तिला सांगितलं होतं. त्या बाईनं आणखी कुणाला. जून महिन्यात सिनेमाच्या गावगप्पा लिहिणाऱ्या एका बाईच्या सदरात चार ओळी आल्या. नाव नव्हतं, पण 'जिच्या एका खांद्यावर देश फिदा आहे' असं होतं. न कळायला काय झालं.

तीन दिवसांत विमा कंपनीनं नवीन तपासणी मागितली. मॅरियनचा पुढचा चित्रपट दुसरीला गेला. चौथ्या दिवशी ती मापाच्या खोलीत आली. बाई टेबलाशी होत्या. मी गुडघ्यावर बसून पुतळ्याच्या झग्याची खालची घडी टाचत होते.

"हिल्मा, कोणी सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. पण त्यांना कळलं होतं. त्या आठवड्यात माझ्या हातून तीन टाचण्या वाकड्या लागल्या होत्या, आणि माझ्या हातून वाकडी टाचणी लागत नसे. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या थुंकून उभं राहायला किती वेळ लागतो? घरी नवरा पाठ मोडून पडलेला, तीन पोरं शाळेत. मी तशीच बसून राहिले.

बाई म्हणाल्या, "माझ्या खोलीतून बाहेर गेलं. जबाबदारी माझी."

"तू सांगितलंस?"

"माझ्या खोलीतून गेलं, मॅरियन."

मॅरियन दाराकडं वळली. मग म्हणाली, "डॉक्टरनं बघितलं तेव्हा मी बेशुद्ध होते. एडनाला मी अजून नीट दाखवलेलं नाही. शुद्धीत असताना मी फक्त तुझ्यासमोर कपडे उतरवले." आणि ती गेली. पुन्हा त्या खोलीत आली नाही.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाल्या, "घडी अर्धा इंच वर घे." त्या दिवशी एवढंच.

वर्षभरात बाईंना काऊबॉयपटांना लावलं. नटीचं गुपित सांभाळता न येणारी डिझायनर कुठल्या नटीला हवी असणार? चामड्याची जाकिटं, धुळीत मळवलेले शर्ट. बाई तेही मन लावून करायच्या. त्यांनी कुरकूर केली नाही, पण चित्रं काढताना गुणगुणायच्या ते बंद झालं. मी रोज ठरवायचे, आज सांगते. मग पाच वाजायचे आणि मी बस पकडायचे.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात मॅरियन गेली. दुखणं हाडांत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बहीण एडना शिवणखात्यात आली. साधी बाई, पासाडेनाच्या शाळेत गणित शिकवायची. म्हणाली, "तिला घालायला काही नाही. म्हणजे कपाटं भरलेली आहेत, पण काहीच बसत नाही."

बाई उठल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "टेप घे."

आम्ही जिथं प्रेत ठेवलं होतं तिथं गेलो. एडना बाहेर थांबली. चौदा वर्षं मी त्या अंगाचं माप घेतलं होतं. कंबर चोवीस, कधी साडेचोवीस. त्या दिवशी मी आकडा मोठ्यानं सांगूच शकले नाही. डावा हात सुजून उजव्याच्या दुप्पट झाला होता. बाईंनी टेप माझ्या हातातून घेतली आणि स्वतः एकेक माप घेतलं, हळू, जणू ती जागी होईल. खांदा मोजताना त्यांनी तिचा डावा खांदा जरासा वर उचलला, सवयीनं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो परत होता तसा ठेवला.

माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणाले, "बाई, मी सांगितलं होतं. माझ्या नणंदेला. तिच्या छातीत गाठ होती, ती डॉक्टरकडं जायला तयार नव्हती."

"माहीत आहे मला."

"नणंदेचं माहीत होतं?"

"नणंदेचं नाही. तुझं माहीत होतं." त्यांनी माप कागदावर लिहिलं. "आहे का ती?"

"कोण?"

"नणंद तुझी."

"आहे. ठणठणीत आहे. मला शिव्या देते रोज."

बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "मग एक तरी आहे."

"तुम्ही मॅरियनला का नाही सांगितलंत, मीच ते म्हणून?"

"तुला त्याच दिवशी काढलं असतं. आणि तिला रागवायला कुणीतरी जवळचं हवं होतं, फिना. तुझ्यावर रागावून तिचं काय भागलं असतं?" मग त्या म्हणाल्या, "वाटलं होतं, वर्षभरात राग उतरेल. फोन करेल."

मी म्हणाले, बाहेर जाऊन एडनाला सांगते. बाईंनी मनाई केली. "आज नको. तिला आज आणखी एक माणूस रागवायला देऊ नकोस. आणि पुढंही नको." ती मनाई माझ्या सोयीची होती. मी ती पाळली.

झगा दोन दिवसांत शिवला. फिकट करड्या रेशमाचा, लांब बाह्या. डाव्या बाजूला दाण्यांची पिशवी भरायची का, असं बाईंनी एडनाला विचारलं. एडना म्हणाली, घरात तिनं दोन वर्षांपूर्वीच ती घालायचं सोडलं होतं. मग बाईंनी भरली नाही. छातीवर बारीक चुण्या घातल्या आणि तसंच ठेवलं.

एकोणसाठ साली मेरिडियननं शिवणखातं मोडलं. बाई ग्लेंडेलच्या आपल्या छोट्या घरात बसून टीव्हीवाल्यांची किरकोळ कामं करायला लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "तुझ्या नणंदेला घेऊन ये. तिच्या अंगावर कपडा नीट बसतोय का बघू." ओतिलिया गेली तोंडाचा पट्टा चालवत आणि परत आली गप्प. बाईंनी तिला दोन तास उभं करून माप घेतलं होतं आणि पिशवी बसेल असा आतला कपडा शिवून दिला होता. मग ओतिलियाच्या ओळखीच्या बायका बसनं ग्लेंडेलला जायला लागल्या. कुणी धोबीखान्यात काम करणारी, कुणी शाळेत स्वयंपाक करणारी. बाईंनी नजर जाईपर्यंत त्यांचं शिवलं. एकहत्तरच्या मार्चमध्ये त्या झोपेत गेल्या. वर्तमानपत्रात आली ती बातमी बोटभर, तीत तिरक्या गळ्याचा उल्लेख होता आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

तीन आठवड्यांनी मी पासाडेनाला एडनाकडं गेले. आता मनाई करणारं कोणी उरलं नव्हतं. तिनं कॉफी केली. मी सगळं सांगितलं, ओतिलियाच्या गाठीपासून.

एडनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅमीला माहीत होतं." ती बहिणीला लहानपणच्या नावानं हाक मारायची. "त्या सदरवालीनंच एका जेवणात सांगितलं, बॉइल हाइट्सच्या कुठल्याशा पार्लरमधून आलं म्हणून. चोपन्न साल असेल. मॅमी घरी येऊन म्हणाली, मग ती टाचण्यावाली असणार. मी म्हटलं, रागावली नाहीस? तर म्हणाली, तिच्यावर काय रागावू, मला तिचं नावसुद्धा धड ठाऊक नाही."

चौदा वर्षं मी तिचे गुडघे, तिची कंबर, तिचे खांदे हातांनी ओळखत होते.

"मग एका रविवारी मला म्हणाली, हिल्माकडं चल. मी गाडी काढली. ग्लेंडेलला तिच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं थांबलो. हिल्मा अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. आम्ही अर्धा तास तिथं होतो. मॅमीनं दाराच्या मुठीला हातही घातला. मग म्हणाली, परत फिरव. आत्ता गेले तर ती आधी माझा खांदा बघेल. तेव्हा तिचा हात सुजायला लागला होता ना."

"मग पुन्हा?"

"बरं वाटलं की जाऊ म्हणायची."

"आणि तुम्ही? ती गेली तेव्हा बाईंना का नाही सांगितलंत?"

एडनानं कपबशी बाजूला सारली. "सांगणार होते. त्या झगा घेऊन आल्या त्या दिवशी ओठांवर आलं होतं. पण त्या चुण्या नीट करत होत्या आणि मला वाटलं, नंतर सांगू. मग पत्र लिहू म्हटलं. मग वाटलं, एवढ्या वर्षांनी कशाला त्यांना दुखवायचं." ती रडायला लागली. "मला वाटलं, त्या विसरल्या असतील."

मी म्हणाले, त्या विसरल्या नव्हत्या. चौदा वर्षांपूर्वी, त्या प्रेताच्या खोलीतून दहा पावलं चालून मी बाहेर आले असते आणि एडनाला खरं सांगितलं असतं, तर तिथल्या तिथं तिनं मला हे सांगितलं असतं. मी ते बाईंना आत जाऊन सांगितलं असतं. मॅरियन तेव्हा गेलेली होती, तिच्यासाठी उशीरच झाला होता. पण बाई होत्या. त्यांना पुढची चौदा वर्षं ते कळलेलं असतं.

मी बसनं घरी आले. ओतिलिया पायरीवर बसून मुळ्याची पानं निवडत होती. म्हणाली, "कुठं गेली होतीस गं वहिनी एवढी नटूनथटून?"

मी म्हणाले, बाईंच्या ओळखीच्या एकीकडं. तिनं आणखी विचारलं नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि दुसरी जुडी घेतली. त्या चार ओळी तिच्या पार्लरमधून गेल्या होत्या हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ती त्र्याऐंशी साली वारली, म्हातारी होऊन, नातवंडांत.